सातवं पान

सगळ्यात वर अल्लाचं नाव, मग राज्यकर्त्याचं,
मग न्यायालय, पीठ, तारीख, दाव्याचा क्रमांक,
तिघा न्यायाधीशांची नावं, आणि लिहून घेणाऱ्याचंही.
त्याच्याखाली वादी.

इथे मी अडले.
अरबीत प नाही, च नाही, ग नाही.
रास अल खैमातल्या आमच्या टायपिंगच्या दुकानात
समोर स्टुलावर बसलेला गोपीचंद चौगुले
कागदावर जोबीशंद शौजुले होऊन आला होता.
प्रतिवादी वामन कासारे मात्र
जसाच्या तसा, एक अक्षर न सांडता.

पक्षकारांची नावं चुकली तर निकालच रद्द व्हायचा, मी म्हटलं.
तो हसला. ताई, फोरमन मला नऊ वर्षं कोबी म्हणतो,
पगार तरी माझाच येतो ना?
मी पासपोर्ट मागून घेतला
आणि त्याची अक्षरं एकेक करून त्याला परत दिली.

मग हकीकत, थोडक्यात.
कायद्याला ती थोडक्यातच हवी असते:
एकेचाळीस हजार पाचशे दिरहम, इस्त्रीच्या दुकानातली भागी,
करार तोंडी, साक्षीदार नाही.
दोघं एकाच वाडीतले, हे त्यात आलं नाही.
दोन पाळ्यांत एकाच खाटेवर झोपायचे,
एक उठला की दुसरा त्याच उबेत आडवा व्हायचा,
हेही नाही.
मुद्द्याला धरून नव्हतं.

प्रतिवादीचं म्हणणं, वकिलामार्फत: पैसे मिळालेच नाहीत.

त्यानंतर कारणं. ती नसली तर निकाल कसला,
नुसतं दरडावणं.
सातव्या पानावर एक शब्द होता, यमीन.
म्हणजे शपथ. म्हणजे उजवा हातसुद्धा.
पुरावा नसलेल्या वादीने एवढंच मागितलं होतं,
की वामनने शपथेवर सांगावं.
आपल्याकडे बेलभंडार उचल म्हणायचे, तसं.

पुढची ओळ मी तीनदा वाचली.
‘प्रतिवादीने शपथ घेण्यास नकार दिला;
सबब वादीची मागणी शाबीत झाली आहे.’

किती वेळ गप्प होता, ते लिहिलेलं नाही.
दुभाष्याने दोनदा विचारलं, ते नाही.
गोपीचंद सांगतो, तो माझ्याकडे वळून म्हणाला,
गोप्या, हे नाय जमायचं.
दुभाषी केरळचा. त्याने विचारलं, काय म्हणाला?
नोंदीत नुसता नकार.

शेवटी आदेश: रक्कम, खर्च, अपिलाची मुदत.
सही, शिक्का.

मराठीत कशाला हवंय? मी विचारलं.
इथे कुणी बघणारही नाही.
सगळं नको, फक्त सातवं पान.
वामनच्या आईला पाठवायचंय.
वाडीत आवई उठलीय, पोरगा कोर्टात खोटा पडला म्हणून.
वकिलाने लिहिलं ते वकिलाचं.
याचा हात काही वर गेला नाही,
एवढं कुणीतरी वाचून दाखवू दे तिला.

पानाचे तीस होतात. मी वीस घेतले.
आणि आयुष्यात पहिल्यांदाच मुळात नसलेलं काही घातलं:
वादीच्या नावापुढे, मुक्काम पोस्ट कातळवाडी.
प्रतिवादीच्या नावापुढे,
सदर.