अर्धा र

पावणेतीनशे पुस्तकं खोक्यांत, खोकी पलंगाखाली,
पलंग भाड्याच्या खोलीत,
आणि आमची वर्तकनगरची बिल्डिंग
सध्या एक खड्डा आहे.
तीन वर्षांत टॉवर उभा राहील,
असं बिल्डर गेली पाच वर्षं सांगतोय.

म्हणून भाचीनं, ऋजुतानं, हे आणून दिलं.
"मामा, यात सगळं मावतं."
हातात घेतलं. वजन साधारण
ओळींनी अर्ध्या भरलेल्या स्टिकएवढं.

चरईतल्या छापखान्यात मी एकतीस वर्षं खिळे जुळवले.
बारा पॉइंटाचं चौदा करायचं तर
उठायचं, दुसरी केस ओढायची,
उभा मजकूर पाडून पुन्हा उभा करायचा,
मालक घड्याळाकडे बघत.
इथे बोट फिरवलं की अक्षर वाढतं.
मोतीबिंदू काढल्यावर पहिल्या रात्री
अठरा पॉइंटात वाचलं, मग चोवीस,
मग आणखी, इतकं की
एका पानावर अकराच शब्द उरले.
पहिलीतल्या पोरासारखं शब्दावर बोट ठेवलं
तर पान उलटलं.

सुख आहे, नाकारत नाही.
रात्री दोनला दिवा न लावता वाचता येतं.
उताणं वाचताना डोळा लागला
तर नाकावर सहाशे पानं पडत नाहीत.
उपवनच्या कट्ट्यावर कादंबरी संपली,
बसल्या जागी दुसरी उघडली,
शेजारच्या भेळवाल्यालाही कळलं नाही.
कसरीला तेवढा उपास.

पण तांडेलमास्तर विचारतात, "सध्या काय वाचताय?"
पूर्वी मी पुस्तक पुढे करायचो.
ते उलटसुलट बघायचे, मधूनच उघडून वास घ्यायचे,
"नेऊ का?" म्हणायचे,
आणि नेलेलं परत आणायचे नाहीत.
आता मी ही पाटी दाखवतो.
ते "छान" म्हणतात आणि क्रिकेटवर येतात.
त्यांच्याकडे माझी नऊ पुस्तकं आहेत.
दहावं देता येत नाही
याचं एवढं वाईट वाटेल असं वाटलं नव्हतं.

आणि पानाला नंबर नाही, टक्के आहेत.
नायिका चौसष्ट टक्क्यांवर घर सोडते.

परवा एक वाक्य आलं :
तो तीन दिवस दर्या तुडवत चालला.
पुन्हा वाचलं. गोष्ट तर घाटावरची.
मग उमगलं. दऱ्या!
अर्धा र जागेवरून उठला,
रफार होऊन शेजाऱ्याच्या डोक्यावर बसला
आणि माणूस डोंगरातून थेट समुद्रात.
आमच्याकडे त्या र ला स्वतःचा खण होता,
उजवीकडे, खालून दुसरा,
वीज गेली तरी बोटांना सापडायचा.
चुकलं तर मालक पगारातून कापायचा,
पण चिमट्यानं चूक उपटता यायची.
शिसं ऐकायचं.
इथे मी शब्द दाबून धरला,
एक चौकोन उघडला, टीप लिहा म्हणाला.
लिहिलं : दऱ्या पाहिजे. अर्धा र.
साठवलं, म्हणाला.
कुठं साठवलं? कुणासाठी?
हा फॉर्मा परत मशीनवर चढणार आहे का?

कुमुदची तक्रार वेगळीच.
चाळीस वर्षं ती माझ्या पानांच्या आवाजावर झोपली.
आता मी तासभर वाचत पडलो की
अंधारात हात लांबवून छातीवर ठेवते.
"अहो, आहात ना?"
"आहे. बहात्तर टक्के."
पहिल्यांदा हसली. दुसऱ्यांदा नाही.

म्हणून हल्ली उशाशी कालचा पेपर असतो.
पाच-सहा पानं झाली की
त्याची घडी उघडतो, पुन्हा मिटतो.
ती कूस बदलते.
इकडे तो माणूस अजून दर्या तुडवतोय,
कोपऱ्यात बॅटरी नऊ टक्के,
आणि चार्जर, बहुतेक,
पलंगाखालच्या कुठल्यातरी खोक्यात.