पेव

जमीरचा धंदा मोठ्या आवाजाचा.
मिरवणुकीपुढं टेम्पो, टेम्पोवर सोळा बेस,
दर रिमिक्सच्या सुरुवातीला त्याचंच नाव, तीनदा,
म्हणजे कुणी चोरू नये.
तरी चोरतातच.
माझा धंदा म्हणजे धंदाच नव्हे:
दिवसा कुपवाडला गिअरचे दात मोजायचे,
रात्री हेडफोन लावून टेबलफॅनच्या घरघरीतून
एक लांबच लांब सूर काढत बसायचं.
तो सात मिनिटं ऐकून जमीर म्हणाला,
"सन्मत्या, मर्दा, हे सुरू कधी होतंय?"

माधवनगर रोडला भज्याच्या गाड्यामागं ठरलं,
दोघांपैकी एकाचंही वाटणार नाही असं काहीतरी करू.
त्यानं बेस सोडायचा.
मी झोप.

हरिपुरात बाबगोंडा तात्यांच्या माहितीतलं
एक पेव रिकामं होतं.
महापुरात पाणी शिरल्यापासून कुणी हळद भरली नव्हती.
तोंड एवढंसं, खांदे चोरूनच उतरावं लागतं,
आत मात्र घागरीसारखं रुंद होत गेलेलं,
वीस-बावीस फूट.
तात्यांनी आधी कंदील सोडला.
विझला.
"शनवारी या," म्हणाले. "तवर हवा खाऊ दे त्याला."

शनिवारी कंदील तळाला जाऊनही जळत राहिला.
मग मी. कमरेला दोर, गळ्यात रेकॉर्डर, खिशात सहा फुगे.
फुगा फोडला की जागा आपला आकार सांगते,
एवढं आम्हाला ठाऊक होतं.
भिंती अजून पिवळ्या. नखात पिवळं.
आवाज घुमेल वाटलं होतं, तो घुमला नाही.
मातीनं तो जवळ घेतला,
सराफानं जुनी बांगडी घ्यावी तसा,
जरा फिरवून पाहिला
आणि परत दिला तेव्हा वजनात फरक होता.

वरून तात्या सारखे ओरडत, "हायस का रं?"
आणि मी म्हणायचं, "हाय."
पेवात उतरणाऱ्याचा तो नियमच.
उत्तर आलं नाही की दोर ओढायचा,
विचार नंतर.
मला वैताग. प्रत्येक फुग्याच्या शेपटीवर तात्यांचा आवाज.
पाचव्या वेळी मी मुद्दाम गप्प बसलो,
चार सेकंद शुद्ध मिळतील म्हणून.
तीनच मिळाले.
दोर असा हिसकला की बरगडी आठवडाभर बोलत होती.
वर आलो तर जमीरचे तळवे सोललेले,
आणि शिव्या, ज्या तात्यांनीही पूर्वी ऐकल्या नव्हत्या.

पुढं पावसाळाभर फायली इकडून तिकडं.
'पेव ७ नवं', 'पेव ७ नवं खरं', 'पेव ७ हेच घे'.
मी तात्यांना पुसून काढायचो, तो परत आणून बसवायचा.
माझे सगळे लांब सूर त्यानं उडवले,
एकच ठेवला, तोही उलटा.
गणपतीच्या आदल्या रात्री त्याची शेवटची आवृत्ती आली.
नऊ मिनिटं. बराच वेळ नुसती माती.
"हायस का", लांबवलेलं, इतकं,
की शब्द राहिला नाही, विचारणं तेवढं राहिलं.
आणि सोळा बेसच्या त्या माणसानं
अख्ख्या नऊ मिनिटांत बेस एकदाच ठेवला होता:
दोर ओढला तिथं.

एकशेबारा जणांनी ऐकलं. त्यातले तीसेक आम्हीच.
तात्यांना मोबाइलवर लावून दाखवलं,
म्हणाले, कंदिलाचा आवाज कुठाय?

मग त्याची लग्नसराई, माझी नाइट शिफ्ट,
एक हप्ता थकला, एक लॅपटॉप गेला.
भांडण असं नाहीच.
भेटलो तर टेम्पोच्या डिझेलवर बोलायचो.

काल पहाटे पावणेतीनला एक फाइल आली.
नाव नाही, नुसती तारीख. अकरा सेकंद.
जनरेटर बंद पडत जातो, लांब एक कुत्रं,
टेम्पोची फळी कुणीतरी खाली सोडतं,
शेवटी जमीरचा खोकला.

मी उठलो.
टेबलफॅन लावला,
अकरा सेकंद भरले
आणि पाठवून दिला.