ऐकून सांग

त्याचं नाव मला ठाऊक नाही.
पडद्यावर तो ‘अर्धा कप’, मी ‘तिरफळ’,
कारण मी तुर्भ्याच्या मसाला मार्केटात हिशेब लिहिते
आणि नाव निवडायच्या दिवशी
टेबलावर नमुन्याची पुडी उघडी होती.
तो अर्धाच का, ते विचारलं नाही.
सहा वर्षं झाली.

आधी पाचजण होतो.
सांगोल्याचा रेवणसिद्ध नुसती वाद्यं पाठवायचा,
त्याला जुळं झालं, मग निरोप तुटक झाले, मग थांबले.
मेहरुन्निसा भूतकथांवाली.
एकदा म्हणाली, आता खरंच भीती वाटते, आणि गेली.
पाचवा भांडून गेला, एका सिनेमाच्या शेवटावरून:
बाई दार उघडते की नाही.
(उघडत नाही. मी अजून ठाम आहे.)

उरलो दोघे.

मी त्याला दिली
कुणाच्या तरी वरातीतली बँडची टेप,
जिच्यात क्लॅरिनेट मध्येच रुसतो
आणि घोडा खिंकाळल्यावर पुन्हा सुरू होतो.
कन्नडमधून आलेली एक कादंबरी दिली;
पहिली चाळीस पानं सोस, म्हटलं, पुढे तीच तुला सोसेल.
त्याने मला दिला एक सिनेमा
ज्यात एक म्हातारा अडीच तास छप्पर दुरुस्त करतो.
पाऊस येतच नाही.
दोनदा झोपले, तिसऱ्यांदा रडले,
‘बरा आहे’ एवढंच कळवलं.
त्याला समजलं असावं.
पुढच्या खेपेला काहीतरी हलकं धाडलं,
तापातून उठलेल्याला मऊभात वाढावा तसं.

कुठे राहतोस, घरी कोण, हे आमच्यात नाही.
नवऱ्याला चहात साखर किती, हे मला ठाऊक,
या माणसाला गाण्यात दुःख किती चालतं, हे ठाऊक.
दीड चमचा.
दोन्हीकडे.

गेल्या रविवारी पहिल्यांदा त्याचा आवाज आला.
एक चाल डोक्यात अडकलीये, शब्द आठवत नाहीत,
गुणगुणतो, ऐकून सांग.
आवाज जाडसर, सर्दीचा.
सुरात म्हणावा तर नाही, बेसूर म्हणवत नाही.
आणि अंतऱ्याच्या जागी, मागून, लांबून:
भंगाऽर… जुनी सायकल, बॅटरी, पंखा, कू… कूलर…
आणि एक छोटं हसू.

आमच्या सेक्टर पंधराच्या भंगारवाल्याने
लेकीकडून भरून घेतलंय ते.
कूलरला ती अडखळली, हसली,
बापाने पुसलं नाही.
सगळ्या कोपरखैरण्यात तेवढ्या एका गाडीवर ती हसते.

मी गॅस बंद केला. पुन्हा लावलं. पुन्हा.
चाल राहिली बाजूला.
चौथ्यांदा ऐकत होते तेव्हा
तीच मुलगी माझ्या खिडकीखाली अडखळली.

म्हणजे तीन टाकीच्या अलीकडे.
हातगाडीच्या चालीने चार मिनिटं, वाटेत कुणी रद्दी दिली तर सात.
म्हणजे गिरणीत दळणाचा डबा घेऊन माझ्यापुढे उभा असेल कधी,
कानात मीच दिलेलं काहीतरी.
म्हणजे पार्किंगवरून माझ्या नवऱ्याशी भांडलेला तो?
नको. तो नसावा.

संध्याकाळी लिहिलं:
चाल नाही ओळखू आली.
पण मागे जी हसते ती आवडली.
तिचं आणखी काही असेल तर पाठव.

‘लिहितोय’ असं दिसलं. गेलं. पुन्हा दिसलं.
मी तेवढ्यात भांडी घासली, ओटा पुसला,
पुसलेला ओटा पुसला.

मग आलं:
तिचं एवढंच आहे. दर रविवारी लागतं.
तुझ्याकडे किती वाजता?

आज रविवार.
उत्तर अजून दिलेलं नाही.
जळालेला मिक्सर मात्र माळ्यावरून काढून
दाराशी ठेवलाय,
पुसून वगैरे.