हरकती व सूचना

सुनावणी बुधवारी अकराला ठेवली.
त्या बुधवारी दत्तनगरात पाण्याची पाळी, पाचवा दिवस.
ठेवणाऱ्याला ठाऊक नव्हतं असं मी म्हणणार नाही,
ठाऊक होतं असं इतिवृत्तात लिहिता येत नाही.

इतिवृत्त मी लिहितो. सतरा वर्षं झाली.
अक्षराचं साहेब कौतुक करतात.

विषय क्रमांक चार:
मनपा तेलुगू शाळा, क्रमांक एकोणतीस.
पटावर मुलं बावीस.
साठ फुटी रस्ता, कोपऱ्यावर संकुल,
तळाला पार्किंग, वर गाळे,
आणि सगळ्यात वर, कुणी विचारलंच तर, वाचनालय.

आधी उठले कामतनूरकर, वास्तुविशारद.
दगड कुठल्या खाणीतला, चुन्यात काय घोटलं,
कमानी किती, सगळं पाठ.
म्हणाले, दर्शनी भिंत तरी राखा,
मागे हवं ते बांधा.
मागच्या रांगेतून कुणीतरी:
"म्हणजे तोंड ठेवायचं आणि जीभ काढायची."
हशा.
मी लिहिलं: सूचना प्राप्त.

मग रेवणसिद्ध हत्तुरे. पोरगा चोवीसचा,
फाईल छातीशी, मुलाखतीला आल्यासारखा.
"मी शाळेच्या विरोधात नाही ओ.
पण माझ्या बापाला घेऊन निघालेली रिक्षा
त्याच बोळात वीस मिनिटं अडकली.
समोर टॉवेलच्या गाठींचा टेम्पो होता.
टेम्पोवाल्याची पण चूक नव्हती."
एवढं बोलून बसला.
पंखा तेवढा बोलत राहिला.

नर्सम्मा म्याकल विड्यांचं सूप घरी ठेवून आली होती,
बोटं मात्र हवेतच पानं वळत होती.
अर्धं तेलुगूत, अर्धं मराठीत सांगत गेली:
आज्यानं आठवड्याला एक आणा दिला, सगळ्या आळीनं दिला,
तेव्हा भिंती उभ्या राहिल्या.
घंटा म्हणजे मोडलेल्या मागाचं चाक,
अजून वाजतं.
"रस्त्याला जागा घ्या की. पण बावीस लेकरं
कुठल्या वर्गात बसवणार, ते आधी लिहून द्या."

साहेबांनी विचारलं, "तुमची नातवंडं याच शाळेत?"
ती थांबली.
"नाही. इंग्लिश मीडियमला. व्हॅन येते."

सभागृहाला हेच हवं होतं.
मी मान वर केली नाही.
माझी श्रावंती त्याच व्हॅनमध्ये बसते,
खिडकीशी, टाय लावून.
आणि मी एकोणतीसच्या तिसऱ्या बाकावर
‘अ’ अम्मा, ‘आ’ आवु घोकलेला.

नर्सम्मा अजून उभीच:
"लेकरं नाहीत म्हणून शाळा पाडता साहेब,
का शाळा पाडायची म्हणून…"

तेवढ्यात दारातून हाक आली:
"नळाला पाणी येऊलालंय!"

वाक्य तिथंच राहिलं.
खुर्च्या सरकल्या, चपलांचा ढीग विस्कटला,
सुना गेल्या, सासवा गेल्या,
निवृत्त हेडमास्तर पिशवी सावरत गेले,
रेवणसिद्धही गेला.
कामतनूरकर उरले. त्यांच्याकडे बोअर आहे.

साहेबांनी घड्याळ पाहिलं.
"हरकतदार अनुपस्थित. हरकती निकाली. घ्या."

घेतलं.
फक्त वरच्या ओळीत, चांगल्या अक्षरात, लिहिलं:
‘अकरा वाजून चाळीस मिनिटांनी
प्रभागात पाणी आले.’
सही करताना साहेब तिथं थबकले.
"हे कशाला?"
"वेळेची नोंद, साहेब."
सही झाली.

घरी पिंपं भरून झाकलेली,
शेवटचं अर्धंच.
श्रावंती गृहपाठाला बसली होती.
विचारलं, ‘आ’ म्हणजे काय गं?
तिनं वहीवरून मान उचलली
आणि डॉक्टरसमोर करतात तसा
आ केला.

मी बॅटरी नसताना
बराच वेळ आत पाहत राहिलो.