सिंगोनियमच्या कुंडीत

कचरागाडीचं गाणं अजून पलासियाच्या वळणावर होतं.
ओल्याची बादली उचलायला वाकले, तर
सिंगोनियमच्या बुडाशी तीन पिवळ्या काड्या,
लिंबाच्या सालीचा रंग,
डोक्यावर टोप्या, टोप्यांवर पिठाची भुकटी.
रात्री नव्हत्या.
रात्री मीच पाणी घातलं होतं,
म्हणजे पुन्हा जास्तच घातलं होतं.

सुगनाबाईनं झाडू टेकवला.
"कुकुरमुत्ता है, भाभी. फेंक दो."
आम्ही कुत्र्याची छत्री म्हणतो, मी म्हटलं.
तिला हसू आलं. कुत्रा दोन्हीकडे आहेच:
तिच्याकडे तंगडी वर करून,
आमच्याकडे छत्री धरून, जरा सभ्य.

खत मागच्या महिन्यातलं, पाच किलोची पिशवी.
ह्याच गावाच्या भाजीचे देठ, कांद्याची सालं,
उरलेले पोहे.
रोज सकाळी गाडीत टाकून दिलेलं
मी पैसे मोजून परत घरी आणलं.
त्यातून काय वर येईल
ते पिशवीवर छापलेलं नव्हतं.

दीर शेतकी कॉलेजात आहे, त्याला फोटो पाठवला.
"खाऊ नका म्हणजे झालं. झाडाला काही होत नाही.
आणि उपटून उपयोग नाही, वहिनी,
खाली सगळा धागाच धागा असतो.
हे आपलं नुसतं
वर आलेलं."

निनाद हिंदीत जेवतो, हिंदीत रुसतो,
झोपेतसुद्धा "हटो ना यार" म्हणतो.
मी मराठीत विचारते, उत्तर हिंदीत येतं.
नऊ वर्षं.
मला वाटायचं, सगळं पाणी
भोकातून खालच्या बशीत चाललंय.

बुटांच्या नाड्या लोंबत,
दप्तरासकट तो कुंडीपाशी उकिडवा बसला.
बराच वेळ बसला.
"आई, हे बघ ना. इवलंसं."

इवलंसं?

मी तर म्हणत नाही.
ह्याचे बाबा म्हणत नाहीत, त्यांना एवढे लहान शब्द लागत नाहीत.
मग कोण म्हणतं ह्या घरात?
आठवत राहिले तेवढ्यात
खाली बसचा हॉर्न वाजला
आणि नाड्या तशाच राहिल्या.

दुपारी तीनला माना पडल्या होत्या.
एक तर मातीवर आडवीच,
ओल्या कागदासारखी.

संध्याकाळी जिन्यातूनच आवाज:
"मम्मी, मशरूम मर गया क्या?"
हो रे, म्हटलं.
बोट खुपसून माती पाहिली, दुसऱ्या पेरापर्यंत.

ओल आहे.
आज पाणी नको.