अवयव पाडा

पहिला एक्स मी बांबोळीला पाहिला,
काळ्या फिल्मवर, खिडकीच्या उजेडात धरलेला.
बापाच्या दंडाचं हाड दोन जागी सुटलं होतं
आणि डॉक्टर म्हणाला, एक्स-रे छान आलाय.

दुसरा त्याच आठवड्यात फळ्यावर आला.
आठवीचे सर म्हणाले, सपोज.
चौथीपर्यंत मराठीत शिकलेल्या पोराला
सपोज म्हणजे काय, ते कुणी सांगितलं नाही.
मी शाळा सोडली, बापाचा कोयता कमरेला खोचला
आणि त्याच्या माडांवर चढू लागलो.

माड त्याचे नव्हते. माड भाटकाराचे.
त्याचा होता फक्त चढ.

तेवीस वर्षांनी, शिवोलीच्या पंचायत हॉलात,
दहावीला बाहेरून बसणारे आम्ही सहा जण.
वासंतीची बोटं काजूच्या तेलाने काळी,
वहीच्या कडेला तिचे ठसे.
इनास पोदेर रात्री दोनला भट्टी पेटवतो,
म्हणून कंस उघडला की झोपतो
आणि कंस मिटला की दचकून उठतो.
एदवीज टीचर खडूला कागद गुंडाळून धरते.

दिवसाला किती माड रे?
सांगता येत नाही टीचर, वाऱ्यावर आहे.
मग एक्स म्हण.

माडाला शंभर. स्कूटरला दीडशेचं पेट्रोल,
ते चढलो नाही तरी जळतं.
शंभर एक्स वजा दीडशे.
माझा अख्खा दिवस एका ओळीत मावला
आणि पुढे जागा उरली.
पाऊस लागला तर? वासंतीने विचारलं.
तर एक्स शून्य.
हे मला ठाऊक होतं. ते लिहिता येतं, हे नव्हतं.

मग एके दिवशी फॅक्टराइज आलं, आणि मी परत आठवीत.
बायकोच्या माहेराहून, सावंतवाडीहून,
मेव्हण्याचं जुनं पुस्तक आलेलं, कव्हर नसलेलं.
त्यात तेच गणित. वर छापलेलं:
खालील बहुपदींचे अवयव पाडा.

पाडा!
मी एवढ्याने हसलो की इनास जागा झाला.
टीचर, आम्ही पाडेली. दुसरं काय करतो?

खालून सगळं एकच हिरवं दिसतं.
वर गेल्यावर घोस वेगळा, झावळ वेगळी,
कुठल्या देठावर कोयता ठेवायचा ते हाताला कळतं.
एक्स वर्ग अधिक पाच एक्स अधिक सहा:
मधल्या पाचाला हलवून बघायचं.
एक नि चार? घट्ट आहे.
दोन नि तीन. सुटला.
बेरजेला पाच, गुणाकाराला सहा,
दोन कंसांत दोन घोस, खाली कुणाच्या डोक्यात नाही पडले.

रात्री बापाला सांगायला गेलो.
तो डाव्या हाताने पेज जेवत होता.
अवयव म्हटलं, तसं त्याने उजव्या बाहीकडे पाहिलं.
बाहीत हात आहे, वर जात नाही इतकंच.
मी शब्द बदलला. फॅक्टर म्हटलं.
हं, तो म्हणाला. पेज संपवली. मग म्हणाला,
सगळ्यांचे पडतात?

टीचरला विचारलं. तिने काही न बोलता लिहिलं,
एक्स वर्ग अधिक एक.

रविवारभर मी ते हलवत होतो.
एक नि एक. एक नि वजा एक. मध्ये धरायला देठच नाही.
सोमवारी टीचर म्हणाली, हे पडत नाही.
आहे तसं ठेवायचं.

देसायांच्या विहिरीवर एक माड वाकलेला आहे.
तेवीस वर्षं त्याच्यावर कुणी चढलेलं नाही.
भाटकार हिशेबात तो धरत नाही,
मीही त्याच्याखालून जाताना वर बघत नाही.

परीक्षेत तसलंच एक आलं.
उत्तराच्या जागी मी प्रश्नच परत लिहिला, नीट, घोटून,
आणि खाली: पडत नाहीत.

दोन गुणांचं होतं. दोन मिळाले.