तेलाचा माग

विमान दोन माणसांचं, सिलिंडर चार.
ते उतरलं की मी आधी पोटाखाली वाकते,
पायलट हेडफोन काढायच्या आत.
आणि तिथे तो असतोच,
नाकापासून शेपटीकडे गेलेला तेलाचा माग,
वाऱ्याने विंचरलेला,
वर सड्याची तांबडी धूळ बसलेली.

रत्नागिरीत गळण्याचं कुणाला काय.
काजू गळतो, फणसाचा चीक गळतो,
हँगरचा पत्रा तर गळायलाच लावलाय.
पण इंजिन गळलं की वहीत लिहावं लागतं.
मी लिहिते: तीन नंबर, रॉकर कव्हर, कडेला ओल.
गॅस्केट बदललं.
मागच्या पानावर हेच. त्याच्याही मागे हेच.
अक्षर तेवढं सुधारत गेलंय.

गॅस्केट बुचाचं.
पाकिटातून काढताना खारी बिस्किटासारखं हलकं,
पन्नास तास उडून आलं की तव्यावर विसरलेली भाकरी.
आकसतं, करपतं, धातूला चिकटून बसतं,
खरवडताना नखांत काळं जातं,
आणि आई ताट वाढताना म्हणते,
विलणकरांची पोर, आणि हाताला ट्रकचा वास.

मी दर वेळी स्क्रू थोडा जास्त आवळायचे.
दर वेळी तेल थोडं जास्त यायचं.

शेवटी नव्या कव्हरची मागणी गेली
आणि जुनं मी डब्यात घालून मिरकरवाड्याला नेलं,
बशीरचाचा सोलकरांकडे.
ट्रॉलरची इंजिनं उघडण्यात त्यांचा जन्म गेला,
त्यांचे वडील होड्यांच्या फळ्यांत
कापूस आणि राळ ठोकायचे.
विमान त्यांनी खालूनच पाहिलेलं.

चाचांनी कव्हर हातात घेतलं नाही.
बर्फाच्या पेटीवर खिडकीची एक काच ठेवली,
म्हणाले, ठेव ह्याच्यावर.
मग पलीकडून टॉर्च लावला.

दोन स्क्रूंच्या मधून
उजेड आला.
केसाएवढा. पण सबंध बोटभर लांब.

"हे कुणी केलान?"
मी गप्प.
"भोकाशी दाबलंयस, मधी तोंड उघडलंय त्याचं.
बरणीचा दादरा एका बाजूनं करकचून बांधतात काय?
गळतीवर राग काढायचा नसतो, पोरी.
तिला बसायला सपाट जागा द्यायची."

जेटीवर सुरमईचा लिलाव चालला होता.
मी काचेवरचा उजेड बघत राहिले,
माझ्याच मनगटाचा जोर तो,
सहा महिन्यांचा, वहीत सहीसकट.

नवं कव्हर आलं, काचेवर ठेवून पाहिलं, अंधार.
नवं गॅस्केट सिलिकोनचं, लाल, चिंगमसारखं लवचीक,
दाबलं की दबतं, सोडलं की परत येतं.
पेडणेकर सर मॅन्युअलचं पान उघडून उभे:
खालचा भाग कोरडा, वर कसलाही लेप नाही.
एक स्क्रू, मग त्याच्या समोरचा,
मग तिरका, परत पहिला.
टॉर्क रेंचने "टक्" म्हटलं
आणि हाताला अजून पाव फेरा हवा होता.
तो पाव फेरा मी खिशात घातला.

दुसऱ्या दिवशी विमान भाट्याच्या खाडीवरून फिरून आलं.
मी पांढरं फडकं घेऊन खाली सरपटले.
नाकाखाली पांढरं. पंखांच्या मुळाशी पांढरं.
पेडणेकर सर म्हणाले, पूस, अजून मागे पूस.

शेपटीच्या अलीकडे एक थेंब.

तीन नंबरचा नाही, तिथे कोरडं होतं, बोट फिरवून पाहिलं.
इंजिन पुसून घेतलं, त्यावर टाल्कम पावडर भुरभुरली,
जमिनीवरच पाच मिनिटं चालवलं.
मग पुशरॉडच्या नळीच्या तळाशी, एक नंबरखाली,
पावडर हळूहळू काळी झाली.
तिथेही एक सील आहे. जुनं. बोटाच्या पेराएवढं.

वहीचं नवं पान काढलं.
तारीख घातली.
सरांनी विचारलं, हसतेस कशाला?